घरच्या घरी ल्युअर आणि गळाच्या सामानाची दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडून, आणि अलीकडे वर्धा-यवतमाळकडूनही, तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून ते एका जागी लावून ठेवले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एक गोष्ट बऱ्याच उत्तरांत येईल, ती इथेच सांगतो: ल्युअरचं (नकली आमिषाचं) अंग घरातल्या कुठल्याही टाकाऊ वस्तूचं चालतं, गरी (मासा अडकवणारा आकडा), तंगूस (गळाची दोरी) आणि कड्या मात्र विकतच्या, आणि चांगल्याच घ्या. माशांची नावं दर दोन गावांनी बदलतात, तेव्हा तुमच्याकडे वेगळं नाव असेल तर समजून घ्या.

१. भाऊ, गांडूळ फुकट भेटते, मग ल्युअरच्या भानगडीत पडाचं कायले?

पडलंच पाहिजे असं काही नाही. ल्युअर म्हणजे नकली मासा, बेडूक किंवा किडा. तो पाण्यातून ओढत आणायचा, म्हणजे शिकारी मासा त्याच्यावर झडप घालतो. मरळ, डोक, पाडीन (काही गावांत शिवडा) हे मासे ल्युअर घेतात. रोहू, कतला, मृगळ शिकारी नाहीत. कतला वरच्या थरातलं बारीक सूक्ष्म अन्न खातो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. त्यांच्यापुढे दिवसभर ल्युअर नाचवला तरी एखादा चुकून अंगाला गरी लागून येईल, तेवढाच. तुमच्या तलावात मच्छीमार संस्थेने फक्त हे तीन मासे सोडले असतील तर ढेप आणि कणकेचा गोळाच बरा. बोडीत (शेततळ्यासारख्या छोट्या तळ्यात), धानाच्या बांधीलगतच्या खोलगट जागी, कमळाच्या वेलांत मरळ असेल तर मात्र ल्युअरसारखी मजा नाही.

२. सुरुवात कराले काय काय सामान पायजे?

धारदार चाकू, बारीक कानस, काचकागद, नोज प्लायर, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल आणि दोन नळ्यांचं अराल्डाइट (मिसळून लावायचा पक्का डिंक). तार स्टेनलेस स्टीलची, साधारण १ मिमी जाडीची. सेंटरिंगची बांधायची तार घेऊ नका. ती मऊ असते, ओढ बसली की सरळ होते आणि गंजते. सायकलचा आरा साधारण २ मिमी जाड असतो, मोठ्या ल्युअरला चालतो, पण त्याची गोल कडी वळवताना हात दुखतात. किल्ल्यांच्या कड्या बरेच जण स्प्लिट रिंग (गरी ल्युअरला जोडणारी दुहेरी वेढ्याची कडी) म्हणून लावतात. त्या मऊ पत्र्याच्या असतात. मरळीने एक पलटी मारली की उघडतात.

३. लाकूड कोणतं घ्यावं? आमच्याकडे साग भरपूर आहे.

साग चालतो, पण पहिली पसंती नाही. तो पाण्यावर तरंगतो खरा, पण बराचसा बुडून. पोटात वजन टाकायला जागाच उरत नाही. शिवाय त्याच्या अंगात तेल असतं, त्यामुळे रंग आणि अराल्डाइट लवकर सुटतात. सागच वापरायचा असेल तर रंगाआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या.

सगळ्यात सोपी शिवण. हलकी, सरळ रेषांची, चाकूला लोण्यासारखी कापली जाते आणि वाळल्यावर फारशी तडकत नाही. सुताराकडे शिवणीचे तुकडे पडलेले असतात, मागितले तर मिळतात. सावर आणि पांगारा त्याहून हलके. वरच्या वर उड्या मारणाऱ्या ल्युअरला ते उत्तम, पण फार मऊ असल्यामुळे दातांच्या खुणा पडतात आणि पाणी पटकन पितात. म्हणून त्यांना तेल पाजणं सोडू नका (प्रश्न ९). बाभूळ आणि धावडा यांच्या वाटेला जाऊ नका. धावडा इतका जड की ल्युअर दगडासारखा तळाला जातो, आणि बाभळीवर चाकूची धार जाते.

लाकूड कोणतंही असो, ते पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा ल्युअर उन्हाळ्यात डब्यात पडल्या पडल्या उभा चिरतो.

४. चपलेचा बेडूक कसा करायचा? सगळे म्हणतात मरळीसाठी तोच.

सगळे म्हणतात ते बरोबर आहे. कमळ, शिंगाड्याचे वेल, जलपर्णी असलेल्या पाण्यात उघड्या गरीचा कुठलाही ल्युअर पहिल्या फेकीत अडकतो. बेडकाच्या गऱ्या पाठीला चिकटून वर बघत असतात, त्यामुळे तो पानांवरून सरकत येतो.

जुन्या हवाई चपलेचा तळ घ्या. टाचेकडचा भाग झिजून पातळ झालेला असतो, म्हणून पंजाकडचा जाड भाग निवडा. साधारण ६ सेंमी लांब आणि अडीच सेंमी रुंद तुकडा कापा, नाकाकडे निमुळता, पोटाला सपाट. सायकलचा आरा तापवून नाकापासून शेपटीपर्यंत आरपार छिद्र पाडा, पण उघड्यावर. रबराचा धूर नाकात जाऊ देऊ नका. त्यातून १ मिमीची तार घाला. नाकाशी एक कडी वळवा, मागे दुहेरी गरी अडकवा.

आता खरी गोम. विकतचा बेडूक आतून पोकळ असतो. माशाने तोंडात धरला की तो दबतो आणि गऱ्या उघड्या पडतात. चपलेचं रबर तसं दबत नाही. म्हणून पाठीवर दोन उभे खाचे पाडा आणि गऱ्यांची टोकं त्यात अशी बसवा की पाठीवरून बोट फिरवलं तर टोक जेमतेम जाणवेल. टोक फार वर असेल तर वेलात अडकेल, फार खाली असेल तर मासा लागूनही सुटेल. नव्या माणसाचे निम्मे मासे इथेच जातात.

शेपटीकडे पोटात चिरा देऊन एक बारका खिळा खुपसा आणि पंक्चरच्या सोल्यूशनने चिरा बंद करा. असं केल्याने बेडूक पडला की पोटावरच पडतो. पांढरा फेव्हिकॉल वापरू नका, पाण्यात सुटतो. पाय म्हणून गाडीच्या जुन्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या लावा.

वापरताना पानावर टाका, थांबा, एक उडी, पुन्हा थांबा. पाण्यातून फटका आला की लगेच झटका मारू नका. तंगूस ताणली जाऊ द्या, मग ओढा. घाई केली तर बेडूक तुमच्याच तोंडावर येतो.

५. स्टीलच्या चमच्याचा ल्युअर खरंच चालतो का? चमच्याले छिद्र पडत नाही, ड्रिलची टोकं जळून जातात.

चालतो. १८५२ मध्ये अमेरिकेत ज्युलिओ बुएल याने याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं आणि आजही बाजारात त्याला स्पूनच म्हणतात.

स्टीलचा स्वभाव असा की ड्रिल जोरात फिरवलं आणि दाब कमी दिला की ते घासून आणखी कडक होतं. म्हणून उलट करा: आधी सेंटर पंचने खड्डा पाडा, थेंबभर तेल टाका, ड्रिल हळू फिरवा आणि दाब पक्का ठेवा. चमचा हातात धरून छिद्र पाडू नका. टोक अडकलं की चमचा गरगर फिरतो आणि बोटं कापतो. वाइसमध्ये किंवा लाकडात आवळून धरा. घरी ड्रिल नसेल तर गावातला वेल्डिंगवाला हे काम दोन मिनिटांत करून देतो.

दांडी कापा, निमुळत्या टोकाला तंगूस, रुंद टोकाला तिहेरी गरी. छिद्र काठापासून ४-५ मिमी आत हवं. छिद्राच्या कडा कानशीने गोल करा, आणि तंगूस थेट छिद्रात न बांधता स्प्लिट रिंगला बांधा. फिरती कडी, म्हणजे स्विव्हल, लावल्याशिवाय हा ल्युअर टाकू नका. कारण प्रश्न १६ मध्ये आहे. ॲल्युमिनियमचा चमचा हलका, लांब जात नाही. पितळी सगळ्यात चांगला, पण आजीच्या डब्यातला चोरू नका.

६. खोल जाणारा ल्युअर करायचा आहे. पुढची प्लॅस्टिकची जीभ कशी लावायची?

सूत्र असं: जीभ लांब असेल आणि अंगाच्या रेषेत पुढे निघालेली असेल तर ल्युअर खोल जातो. जीभ छोटी आणि खाली वळलेली, जवळजवळ काटकोनात असेल तर तो वरच राहतो आणि जास्त हलतो. आपल्या तलावांची खोली बघता काटकोनाकडे झुकलेली जीभच कामाची. मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) काठाजवळ खोल जाणारा ल्युअर टाकणं म्हणजे बुडातल्या काटक्या गोळा करणं.

जुन्या सीडीची जीभ छान होते, कारण सीडी पॉलिकार्बोनेटची असते. कापण्याआधी गरम पाण्यात ठेवा, म्हणजे तडकत नाही. चकाकणारा थर चिकटपट्टीने उपटून टाका, कारण तो पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. लाकडात बारीक आरीने खाच पाडा आणि जीभ अराल्डाइटने बसवा. चिकटवताना ल्युअर समोर धरून दोन्ही बाजू नीट बघा. इथे एक मिमीचा फरकही पाण्यात दिसतो.

फिनलंडच्या लॉरी रापाला याने १९३६ मध्ये केलेला पहिला ल्युअर बुचाचा (कॉर्कचा) होता, वर चॉकलेटचा चकचकीत कागद आणि त्यावर वितळवलेल्या फोटो निगेटिव्हचा लेप. पुढे त्याची जगभर कंपनी झाली. तेव्हा आपल्या सामानाची लाज वाटायचं कारण नाही.

७. वजनाला शिसं कुठून आणू? जुन्या बॅटरीतलं वितळवलं तर?

बॅटरी फोडू नका. आत गंधकाचं आम्ल असतं आणि प्लेटांमधलं शिसं संयुगांच्या रूपात, भुकटी होऊन श्वासात जाणारं. त्या कामात लहान मुलांचं आयुष्यभराचं नुकसान होतं.

साधं शिसंही ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे चुलीवर सहज होतं, आणि तिथेच लोक फसतात. साच्यात पाण्याचा थेंब जरी असला तरी त्याची क्षणात वाफ होऊन तापलेलं शिसं उडतं. स्वयंपाकाचं भांडं त्या कामाला एकदा वापरलं की ते पुन्हा घरात नको. माझं मत विचाराल तर घरगुती ल्युअरला शिशाची गरजच नाही. लोखंड पाण्याच्या जवळपास आठपट जड, शिसं अकरापट; फरक एवढाच. नट, वॉशर, सळईचा तुकडा वापरा आणि थोडा मोठा खड्डा करा. वजन पोटाच्या तळाशी आणि मध्यापासून किंचित पुढे ठेवा. पाठीकडे गेलं की ल्युअर उलटतो.

खड्डा बुजवण्याआधी बादलीत बघा. वजन चिकटपट्टीने लावायचं, गऱ्या अडकवायच्या, मग सोडायचं. गऱ्यांचंही वजन असतं, हे विसरून लोक आधी बुजवतात आणि मग ल्युअर बुडतो.

८. ल्युअर सरळ येत नाही, एका बाजूले पळते. काऊन?

बहुतेक वेळा नाकाची कडी किंचित वाकडी असते. ज्या बाजूला पळतो त्याच्या उलट बाजूला कडी प्लायरने केसभर वाकवा आणि पुन्हा ओढून बघा. जास्त वाकवली तर तो दुसरीकडे पळेल. कडी सरळ असूनही पळत असेल तर जीभ तिरकी बसली आहे. ती काढून पुन्हा बसवण्याखेरीज उपाय नाही.

पळत नसेल पण कुशीवर पडत असेल तर पोटात वजन कमी आहे. पुढच्या गरीच्या दांडीला सोल्डरच्या तारेचे दोन-तीन वेढे द्या. सुधारला तर पुढच्या ल्युअरला तेवढं वजन आत घाला. आणि फार जोरात ओढून तर बघत नाही ना, हेही पाहा. हळू ओढल्यावर अर्धे आजारी ल्युअर बरे होतात.

९. रंग दोन फेऱ्यांतच सुटतो. कोणता रंग वापरू?

दोष रंगाचा नाही, लाकडाचा आहे. लाकडात पाणी शिरतं, ते फुगतं आणि वरचा थर तडकतो. म्हणून रंगाआधी लाकूड बंद करायचं. आपल्याकडे त्यासाठी जवसाचं तेल आहे. ते हवेत वाळून घट्ट होणारं तेल आहे. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तसं वाळत नाही. ल्युअर तेलात रात्रभर ठेवा, पुसा, आणि सावलीत टांगून वाळू द्या. घाण्याचं कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं. रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड तेल लवकर वाळतं. पुरतं वाळल्याशिवाय रंग लावला तर तो चिकटच राहतो.

एक गोष्ट इथे कळकळीने: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्यातून उष्णता निघते आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ती फडकी आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रंग ॲक्रिलिक, इनॅमल, नेलपॉलिश काहीही. वर अराल्डाइटचा पातळ थर द्या आणि ते घट्ट होईपर्यंत ल्युअर फिरवत राहा, नाहीतर पोटाशी थेंब साचतो. थर्माकोलवर मात्र नेलपॉलिश थेट लावू नका. त्यातला द्रव थर्माकोल खाऊन टाकतो.

१०. मरळीसाठी कोणता रंग लकी?

कोणताच नाही. गढूळ पाण्यात काळा किंवा गडद, कारण खालून आभाळाकडे बघताना माशाला सावलीसारखा आकार दिसतो. स्वच्छ पाण्यात चंदेरी, कारण तिथली बारकी मासोळी तशीच असते. बाकीचे रंग दुकानदारासाठी.

११. डब्यात ठेवलेले ल्युअर एकमेकांना चिकटून वितळले. गर्मीमुळे का?

गर्मीने भर घातली असेल, पण मूळ कारण मऊ प्लॅस्टिकचे किडे. त्यांना मऊ ठेवणारा द्रव बाहेर झिरपतो आणि रंगाला, कडक प्लॅस्टिकला, कधी डब्यालाही विरघळवतो. मऊ किडे त्यांच्या मूळ पाकिटात वेगळे ठेवा. जुने किडे वितळवून नवे ओतायचा उद्योग घरात, विशेषतः स्वयंपाकाच्या भांड्यात, करू नका. धूर वाईट असतो.

१२. शेपटीला पिसं आणि केस कोणाचे लावावे?

कोंबड्याच्या मानेची पिसं, बकऱ्याचे केस, जुन्या साडीचे गोंडे. एवढ्यात सगळं भागतं. मुंगसाचे केस, साळिंदराचे काटे, जंगली पाखरांची पिसं कोणी आणून दिली तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते अंगाशी येतं, आणि जंगलालगतच्या गावात फॉरेस्टवाल्याला समजावत बसण्यात काही अर्थ नाही.

१३. गंजलेली गरी घासून वापरू का?

वरवरचा तांबूस थर असेल तर काचकागदाने काढा, धार लावा, तेलाचं बोट फिरवा. खड्डे पडले असतील तर फेकून द्या. गरी त्या खड्ड्यापाशीच मोडते, आणि मोठ्या माशालाच मोडते.

धार बघायची पद्धत: टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही. बारीक कानस टोकाच्या दिशेने चालवा. नंबरांचा गोंधळही इथेच मिटवतो: साध्या नंबरात आकडा जितका मोठा तितकी गरी लहान, म्हणजे ४ नंबर ही ८ नंबरपेक्षा मोठी. शून्याच्या नंबरात उलट, ३/० ही १/० पेक्षा मोठी.

१४. गळाच्या दांडीचं टोक मोटारसायकलवर नेताना तुटलं. दांडी वाया गेली का?

नाही. टोकाची, तंगूस जिच्यातून जाते ती शेवटची कडी विकत मिळते. तुटलेलं टोक ब्लेडने आणि काचकागदाने सरळ करा, त्यावर बसेल अशा मापाची कडी घ्या आणि हॉट ग्लूने बसवा. अराल्डाइट इथे मुद्दाम टाळायचं. हॉट ग्लू थोडी ऊब दिली की सुटतो, म्हणजे पुढच्या वेळी कडी बदलता येते. बसवताना बाकीच्या कड्यांच्या रेषेत आहे ना, हे दांडीच्या बुडाकडून एक डोळा मिटून बघा. दांडी चार बोटं आखूड होईल आणि टोक थोडं ताठ होईल, एवढंच.

तंगूस वारंवार एकाच जागी खरचटत असेल तर कडीच्या आतली चिनीमातीची गोल चकती तडकलेली असते. डोळ्याला दिसत नाही. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. जिथे धागा अडकेल ती कडी बदला. मधल्या कड्या दोऱ्याने आवळून गुंडाळलेल्या असतात. जुना दोरा ब्लेडने कडीच्या बाजूने काढा, दांडीच्या बाजूने नाही. नवा नायलॉन दोरा ताणून गुंडाळा आणि वर अराल्डाइटचा थर द्या.

दांडी मधोमध तुटली असेल तर आत बसेल असा भरीव फायबरचा तुकडा घालून, वरून दोरा आणि अराल्डाइट लावून जोडता येते. कामापुरती होते, पूर्वीसारखी वाकत नाही. कार्बन दांडी घासताना पाणी लावून घासा आणि तोंडाला रुमाल बांधा. त्याच कार्बनची दुसरी गोष्ट: त्यातून वीज वाहते. ११ केव्हीच्या तारा तलावाच्या पाळीवरून गेल्या असतील तिथे दांडी उभी धरू नका, आणि जूनमध्ये आभाळ गडगडायला लागलं की दांडी खाली ठेवून झाडापासून दूर व्हा.

दोन भागांची दांडी अडकली तर पक्कड लावू नका. दोघांनी समोरासमोर धरून सरळ ओढा. पुढच्या वेळेसाठी सांध्यावर मेणबत्ती घासून ठेवा.

१५. रील घरघर करते. खोबरेल टाकलं तर चालेल?

खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरात पहाटे नागझिऱ्याकडच्या थंडीत तुमची रील फिरणारच नाही. बेअरिंग आणि हँडलला शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. आतल्या दात्यांना ग्रीस, पातळ थर. गंज सोडवायचे स्प्रे हे तेल नव्हेत. ते ग्रीस धुऊन काढतात.

पुराच्या पाण्यात रील बुडाली असेल तर आत गाळ गेला असं समजा. खोलताना दर पायरीला मोबाइलवर फोटो काढा, सुटे भाग त्याच क्रमाने ताटात मांडा. ड्रॅगच्या (तंगूस सुटताना आवळून धरणाऱ्या ब्रेकच्या) चकत्या लोकरी असतील तर त्यांना पातळ तेल लावू नका, नाहीतर ड्रॅग पकडणारच नाही. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायची सवय लावा. बेलची (तंगूस गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीची) स्प्रिंग तुटली तर तीच मापाची शोधा. पेनाची स्प्रिंग लावणारे भेटतात, ती दोन-चार दिवस चालते.

१६. तंगूस सारखी पिळते आणि गुंता होतो. दरवर्षी बदलायची का?

फिरणारे ल्युअर पीळ भरतात, म्हणून प्रश्न ५ मध्ये स्विव्हलचा आग्रह. भरलेला पीळ काढायचा असेल तर ल्युअर सोडून नुसती तंगूस कालव्याच्या वाहत्या पाण्यात लांब सोडा, थोडा वेळ राहू द्या, मग बोटांत दाबून गुंडाळा.

साधी नायलॉन तंगूस उन्हाने खराब होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात रील गाडीच्या टाकीवर बांधून फिरवली तर वर्षभरही भरवसा नाही. शेवटचे दोन हात रोज तपासा आणि खरखरीत लागले की कापा. विणलेली लाइन (बारीक धाग्यांची वेणी घातलेली तंगूस) ऊन सोसते, पण गुळगुळीत रीलवर सगळीच्या सगळी घसरते. खाली थोडी नायलॉन तंगूस गुंडाळून त्यावर ती बांधा. वेलातल्या मरळीसाठी विणलेलीच घ्या, ३० पाउंडांच्या पुढची ओढ सोसणारी.

गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होते. कापलेले तुकडे काठावर टाकू नका. गोंदियाच्या तलावांवर सारस फिरतात, त्यांच्या पायात ते अडकतात. बाटलीत भरून घरी आणा.

१७. बांबूची काठी किडते. काय करावं?

पोकळ कटांगपेक्षा मानवेल घ्या. तो जवळपास भरीव असतो. कापणी पावसाळा सरल्यावरची हवी. कीड आतल्या साखर-पिठाला लागते, म्हणून काठी काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात, मग सावलीत उभी वाळवतात. वाकडी असेल तर निखाऱ्यावर फिरवून गरम करा आणि गुडघ्यावर सरळ करा. जंगलातून कापून आणू नका, बुरडाकडून विकत घ्या. तो हाताने वाकवून चांगली काठी निवडूनही देईल.

१८. आमच्या गावच्या तलावात गळ टाकायला परवानगी लागते का? तलाव तर गावाचा आहे.

तलाव गावाचा, पण मासे बहुधा संस्थेचे. मामा तलाव आणि धरणं मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असतात. बीज त्यांनी सोडलेलं असतं आणि ढीवर, कहार, भोई कुटुंबांची चूल त्यावर चालते. आधी संस्थेच्या माणसाला विचारा. बरेच ठिकाणी थोड्या पैशात किंवा मासा परत सोडायच्या अटीवर हो म्हणतात. मरळीसाठी तर खुशीने, कारण ती त्यांचं बीज खाते.

अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या पाण्यात गळ टाकू नका. तोतलाडोह, ताडोबा, नवेगाव-नागझिरा (२०१३ पासून व्याघ्र प्रकल्प) इथे हौस म्हणून गेलात तरी गुन्हाच. आणि स्फोटकं किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, कुठल्याही पाण्यात.

लोणारबद्दलही विचारतात. त्या खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यात मासेच नाहीत.

१९. पावसाळ्यात मरळ ल्युअरवर तुटून पडते. तेव्हाच पकडावी ना?

ती भुकेने नाही, रागाने येते. मरळीचं जोडपं पिल्लं राखतं. पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा घोळका एकसारखा खदखदताना दिसला की खाली आई-बाप असतात, आणि त्यावरून गेलेल्या कशावरही ते हल्ला करतात. त्यांना काढलं की तो सगळा घोळका बाकीच्या माशांच्या पोटात जातो. पकडायला सोपी आहे, म्हणूनच सोडून द्या. पाऊस ओसरल्यावर भरपूर वेळ आहे.

२०. गरी बोटात घुसली तर?

डोळ्याजवळ, मानेत किंवा सांध्यात असेल तर हात लावू नका, तंगूस कापा आणि थेट दवाखाना गाठा. बोटाच्या मांसल भागात असेल तर एक पद्धत आहे: गरीच्या वाकाला जाड दोरा अडकवा, दुसऱ्याने गरीची दांडी कातडीकडे खाली दाबून धरायची, आणि दोरा झटक्यात मागे ओढायचा. दाबल्याने टोकाजवळचा उलटा काटा मोकळा होतो. तिहेरी गरी असेल तर बाकीची टोकं आधी झाकून घ्या, नाहीतर दुसरी जखम. नंतर साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. यापेक्षा सोपं म्हणजे गरीचा उलटा काटा प्लायरने आधीच दाबून टाकणं. तंगूस ताणलेली ठेवली तर मासे फारसे सुटत नाहीत.

२१. घरी केलेला ल्युअर बेशरमात (काठच्या बेशरमीच्या झुडपांत) अडकला की जीव तुटतो. काढायची काही युक्ती?

दांडीने हिसके देऊ नका, टोक जातं आणि गरी आणखी रुतते. आधी बाजू बदला: अडकला तिथून उलट दिशेला जाऊन ओढलं की बऱ्याचदा सुटतो. नाही सुटला तर मेकॅनिककडचा जुना स्पार्क प्लग घ्या. त्याच्या टोकाची फट थोडी उघडा, तंगूस त्यात घाला, फट परत दाबा आणि प्लग तंगुसीवरून खाली घसरू द्या. तो ल्युअरच्या नाकावर आपटतो. तंगूस सैल-ताठ करत चार-पाच वेळा आपटू दिला की वजनाने गरी मागे सरकते. प्लगला वेगळी दोरी बांधा, म्हणजे तोही परत येतो. हे उभ्या खोल पाण्यात चांगलं चालतं, काठालगतच्या उथळ बेशरमात कमी. तिथे टोकाला आकडा असलेला लांब बांबू बरा.

पाण्यात उतरून काढायचा मोह मात्र टाळा. शिंगाड्याचे आणि कमळाचे वेल पायात गुंतले की पोहणाराही अडकतो, आणि सिरोंचाकडे प्राणहितेत मगरी आहेत. लाकूड शिवणीचंच होतं, दुसरा करा.